विश्लेषण : लष्करी मेसच्या खोलीत मुक्काम, साफसफाई करणाऱ्या मावशींना टीप द्यावी का?

सरकारी कामासाठी आलेला अधिकारी चार रात्री राहतो, मेसचे बिल भरतो आणि निघतो. खोली आवरणाऱ्या मावशींसाठी उशीजवळ शंभराची नोट ठेवावी की नाही, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. प्रश्न शंभर रुपयांचा वाटतो. प्रत्यक्षात तो प्रवास भत्त्याचे नियम, कंत्राटी कामगारांचे वेतन आणि माणसाचा मान या तिन्हींशी जोडलेला आहे.

पहाटे साडेपाचला काळेवाडीच्या तापकीर चौकात उभे राहिले, की शहर कोणाच्या हातावर चालते ते दिसते. पाठीला पिशवी, पिशवीत डबा, अंगावर कंत्राटदाराच्या नावाचा टी-शर्ट किंवा कोट. कोणी चाकणच्या कंपनीच्या बसची वाट पाहत असते. कोणी पवनेचा पूल ओलांडून पिंपरी स्टेशन गाठते आणि लोकल पकडते. एका दिशेला दापोडी आणि खडकी, दुसऱ्या दिशेला देहूरोड. या तिन्ही स्थानकांच्या आसपास लष्कराची मोठी ठिकाणे आहेत : दापोडीला लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणजे सीएमई, खडकीला बॉम्बे सॅपर्स, देहूरोडला छावणी आणि आयुध भांडार. काळेवाडी फाट्यावरून औंधकडे निघाले, तर रक्षक चौकापाशी औंधची लष्करी छावणी लागते. या परिसरात अभ्यासक्रम, परिषदा, तपासण्या, वैद्यकीय मंडळे यांसाठी देशभरातून लष्करी माणसे येत असतात. त्यांच्या राहण्याच्या खोल्या रोज कोणीतरी झाडते, पुसते, चादरी बदलते. त्या ‘कोणीतरी’चा हा प्रश्न आहे.

हा प्रश्न नेमका कोणापुढे येतो?

लष्करी भाषेत याला ‘टीडी’ म्हणतात, म्हणजे टेम्पररी ड्यूटी. हातात मूव्हमेंट ऑर्डर असते आणि मुक्काम ठरलेला असतो. जवान बहुतेक वेळा युनिटच्या बरॅकमध्ये किंवा ट्रान्झिट कॅम्पमध्ये उतरतो. तिथे आपली खाट आपणच लावायची, आपला कोपरा आपणच झाडायचा. टीपचा प्रश्नच उद्भवत नाही. ऑफिसर्स मेस, जेसीओ मेस किंवा पाहुण्यांसाठीच्या गेस्ट रूममध्ये उतरणाऱ्यांपुढे मात्र तो येतो. नागरी बाजूला शासकीय विश्रामगृहात उतरणारे अधिकारी, सरकारी कंपन्यांचे अभियंते आणि चाकणच्या कारखान्यांच्या गेस्ट हाउसमध्ये राहणारे कर्मचारी यांची अडचण थोड्याफार फरकाने तीच असते.

हॉटेलात निदान एक रूढ पद्धत असते. मेस ही अर्धी घर आणि अर्धी संस्था. घरात टीप देत नाहीत, संस्थेत नियम विचारावा लागतो. त्यामुळे बरेच जण काहीच न देता निघतात आणि गाडीत बसल्यावर चुटपुट लागते.

प्रवास भत्त्यात टीप बसते का?

थोडक्यात उत्तर : नाही. सातव्या वेतन आयोगानंतर केंद्रीय अर्थ मंत्रालयाने १३ जुलै २०१७ रोजी दौऱ्याच्या भत्त्याचे दर जाहीर केले. त्यात तीन भाग आहेत : राहण्याचा खर्च, दौऱ्याच्या गावातला स्थानिक प्रवास आणि जेवण. वेतन स्तर ९ ते ११ साठी, म्हणजे लेफ्टनंटपासून मेजरपर्यंत, राहण्याची मर्यादा रोज २,२५० रुपये आणि जेवणाची ९०० रुपये ठरली. स्तर ६ ते ८, म्हणजे जेसीओंसाठी, या रकमा ७५० आणि ८०० रुपये होत्या. स्तर ५ आणि त्याखाली, म्हणजे हवालदारापर्यंत, ४५० आणि ५०० रुपये. महागाई भत्ता ५० टक्क्यांनी वाढला की या मर्यादा २५ टक्क्यांनी वाढतील, अशी तरतूद त्याच आदेशात आहे. जानेवारी २०२४ पासून महागाई भत्ता ५० टक्के झाला. त्यामुळे दावा भरताना जुने आकडे धरू नयेत.

या तीन भागांत ‘टीप’ नावाची ओळ कुठेही नाही. मेसच्या भाड्याची पावती जोडता येते. मावशींना दिलेल्या शंभर रुपयांची पावती नसते आणि मागूही नये. म्हणजे टीप द्यायची तर ती स्वतःच्या खिशातून. ती राहण्याच्या बिलात ‘इतर’ म्हणून घुसवणे हा खोटा दावा ठरतो. रक्कम कितीही लहान असली, तरी ऑडिटच्या भाषेत खोटा दावा हा खोटा दावाच असतो. शंभर रुपयांच्या भलेपणासाठी सेवापुस्तिकेवर शेरा ओढवून घेण्यात शहाणपण नाही.

इतर देशांत काय पद्धत आहे?

अमेरिकेने ही गोष्ट लेखी सोडवली आहे. तिथल्या सरकारी प्रवास नियमांत दैनिक भत्त्याचा एक छोटा भाग ‘किरकोळ खर्च’ म्हणून वेगळा ठेवला आहे. त्याच्या व्याख्येतच हमाल आणि हॉटेलचे कर्मचारी यांना दिलेली टीप येते. देशांतर्गत दौऱ्यासाठी ही रक्कम रोज ५ डॉलर आहे. पावती लागत नाही. कर्मचाऱ्याने टीप दिली काय आणि नाही दिली काय, रक्कम तेवढीच. त्यामुळे ‘खिशातून द्यायचे की सरकारकडून मागायचे’ हा पेच तिथे उरत नाही.

पण त्याच अमेरिकेची दुसरी बाजू लक्षात ठेवायला हवी. तिथे टीप मिळणाऱ्या कामगाराचे संघराज्य पातळीवरचे रोख किमान वेतन १९९१ पासून तासाला २.१३ डॉलरवर थांबले आहे. उरलेली रक्कम टीपमधून यावी आणि कमी पडली तर मालकाने भरावी, असा तो हिशेब. काही राज्यांनी ही पद्धत नाकारली, पण बऱ्याच राज्यांत ती चालू आहे. ज्याला आपण औदार्य समजतो, त्याचा तिथे मालकाच्या पगारपत्रकाला टेकू झाला. दुसऱ्या टोकाला जपान आहे : चांगली सेवा हा कामाचाच भाग, म्हणून टीपची प्रथाच नाही. आपल्याला अमेरिकेचा किरकोळ भत्ता घेण्यासारखा आहे, तिची वेतनपद्धत मात्र नाही.

खोली आवरणारी व्यक्ती नेमकी कोणाची नोकर?

या प्रश्नाच्या उत्तरावर सगळे अवलंबून आहे, आणि पाहुण्याला नेमके हेच माहीत नसते. मेसमध्ये एकाच व्हरांड्यात चार प्रकारची माणसे काम करताना दिसू शकतात.

पहिला, गणवेशातला जवान. तो ड्यूटीवर आहे. त्याच्या हातात नोट ठेवणे म्हणजे त्याला अवघडवणे आहे. त्याचे आभार शब्दांत मानावेत आणि त्याच्या वरिष्ठांच्या कानावर चांगले काम घालावे.

दुसरा, संरक्षण खात्याचा नागरी कर्मचारी. पूर्वीचा सफाईवाला, आजचा एमटीएस. तो केंद्र सरकारचा गट ‘क’ कर्मचारी असून १९६४ चे वर्तणूक नियम त्याला लागू आहेत. त्यातला १३ वा नियम भेटी स्वीकारण्यावर बंधने घालतो. मंजुरीशिवाय भेट घेण्याची गट ‘क’ची मर्यादा २०१९ मध्ये २,००० रुपये करण्यात आली, पण ती मर्यादा म्हणजे टीप घेण्याचा परवाना नव्हे. सरकारी कर्तव्याच्या मोबदल्यात वेतनाखेरीज पैसा घेणे ही गोष्ट भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या वाटेवर जाते. आपल्या शंभर रुपयांपायी त्याची चौकशी लागू नये, एवढी काळजी देणाऱ्याने घ्यावी.

तिसरा, मेसच्या स्वतःच्या निधीतून पगार मिळणारा माणूस. हा निधी सरकारी तिजोरीतला नसतो, सभासदांच्या वर्गणीतून उभा राहतो. अशा निधीवर चालणाऱ्या कामगारांचा दर्जा काय, हा वाद जुना आहे. युनिटच्या कॅन्टीनमधील कामगारांना सरकारी कर्मचारी मानता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये ठरवले. आधीच्या २००१ च्या निकालात न्यायालयाचे मत उलट होते. मेसचे कामगार आणि कॅन्टीनचे कामगार एकच नव्हेत. पण सरकारी आवारात वर्षानुवर्षे राबूनही सरकारी नोकरीचे संरक्षण नाही, ही स्थिती दोन्हीकडे दिसते.

चौथा, किंबहुना चौथी : कंत्राटदारामार्फत आलेली मावशी. तापकीर चौकात पहाटे उभी असते ती हीच. तिच्या गळ्यात तात्पुरता पास, अंगावर एजन्सीचा कोट. टीपची गरज सगळ्यात जास्त तिला असते, आणि आपला हक्क मागण्याची ताकद सगळ्यात कमी तिच्याकडे.

बक्षीस, पोस्त आणि चिरीमिरी : फरक काय?

मराठीत या गोष्टीसाठी शब्दांची कमी नाही, आणि प्रत्येक शब्दाचा तोल वेगळा आहे. काम झाल्यावर खुशीने दिले ते बक्षीस. सणाला हक्काने मागितली ती दिवाळीची पोस्त. काम व्हावे म्हणून आधी सरकवली ती चिरीमिरी. ‘चहापाणी’ हा शब्द मध्येच लोंबकळतो. कधी खरोखर चहासाठी, कधी फाइल हलावी म्हणून.

हाच निकष मेसमध्येही लावावा. निघताना, काम झाल्यावर, काहीही न मागता दिलेले पैसे हे बक्षीस. खोली शिल्लक नसताना मिळावी, कोपऱ्यातली नको तर बागेकडची मिळावी, नोंदवहीत नाव वर सरकावे म्हणून दिलेले पैसे ही चिरीमिरी, मग त्याला टीप म्हणा की आणखी काही. पैसे आधी दिले की नंतर आणि त्यांच्या बदल्यात काही हवे होते की नाही, हे दोन प्रश्न स्वतःला विचारले की बहुतेक शंका मिटतात.

टीप ऐच्छिकच असली पाहिजे, हे आता कायद्याच्या पातळीवरही स्पष्ट झाले आहे. हॉटेल-रेस्टॉरंटांनी बिलात सेवा शुल्क आपोआप लावू नये, अशी मार्गदर्शक तत्त्वे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी काढली. दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती उचलून धरली. मेसलाही हे तत्त्व मार्गदर्शक ठरावे. बिलात ‘स्टाफ बक्षीस’ म्हणून सक्तीची ओळ टाकली, तर तिला बक्षीस म्हणता येणार नाही.

टीप पगाराची जागा घेऊ शकते का?

या लेखाचा गाभा इथे आहे, म्हणून थोडा हिशेब करू. केंद्राच्या अखत्यारीतील आस्थापनांत झाडलोट आणि सफाईच्या अकुशल कामासाठी ‘अ’ वर्गाच्या शहरांत १ ऑक्टोबर २०२४ पासून किमान वेतन रोज ७८३ रुपये, म्हणजे २६ दिवसांचे २०,३५८ रुपये ठरले. महागाईनुसार ते दर एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये बदलते. त्यामुळे आजचा दर तपासून घ्यावा. हिशेबासाठी हाच आकडा धरू.

समजा, एक मावशी दिवसात बारा खोल्या आवरते. मग एका खोलीमागे तिच्या मजुरीचा वाटा साधारण ६५ रुपये येतो. म्हणजे पाहुण्याने ५० रुपये ठेवले, तर एका खोलीच्या मजुरीइतकीच जवळपास भर पडते. लहान वाटणारी टीप तिच्यासाठी लहान नसते, हे यावरून कळावे.

आता दुसरी बाजू. समजा, कंत्राटदार तिला किमान वेतनापेक्षा रोज फक्त १०० रुपये कमी देतो. महिन्याला २,६०० रुपये बुडाले. ते टीपमधून भरून काढायचे, तर ५० रुपये देणारे ५२ पाहुणे दर महिन्याला भेटायला हवेत. आणि भविष्य निर्वाह निधी? ईएसआय? आजारपणाची रजा? यातले काहीही उशीजवळच्या नोटेतून मिळत नाही. टीपवर पीएफ कापला जात नाही. टीप म्हातारपणी उपयोगी पडत नाही.

टीप आणि पगार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये एका हॉटेल कंपनीच्या प्राप्तिकर प्रकरणात सांगितले. ग्राहकाने दिलेली टीप मालकाने वाटली, तरी ती मालकाने दिलेला पगार ठरत नाही, असा त्या निकालाचा आशय. प्रकरण करकपातीचे होते, पण तत्त्व इथेही चपखल बसते. टीप पाहुणा देतो, पगार मालकाने द्यायचा असतो. ‘तुम्हाला टीप मिळते की’ असे म्हणून कोणालाही पगार कापता येणार नाही.

कंत्राटदाराने पगार थकवला किंवा कमी दिला, तर तो देण्याची जबाबदारी मूळ आस्थापनेवर येते. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने हे तत्त्व घातले. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या कामगार संहितांनीही ते कायम ठेवले. म्हणजे ‘ती एजन्सीची बाई आहे, आमची नाही’ हे उत्तर कायद्यापुढे टिकत नाही.

द्यायचीच तर किती आणि कशी?

पहिले पाऊल : विचारा. मेस हवालदाराला किंवा मेस सेक्रेटरीला सरळ विचारावे, ‘इथे सफाईच्या स्टाफला बक्षीस द्यायची पद्धत काय आहे?’ यात संकोच वाटण्यासारखे काही नाही. मनाई असेल तर मनाई पाळावी. एकत्रित पेटी असेल तर पेटीत टाकावे. काहीच ठरलेले नसेल आणि कर्मचारी मेसच्या निधीतला किंवा कंत्राटी असेल, तर पुढील गोष्टी उपयोगी पडतील.

रक्कम : एका रात्रीला ५० रुपये हा आमच्या मते रास्त आकडा. चार रात्रींचे दोनशे. सोबत कुटुंब असेल, लहान मूल असेल, खोली जास्त पसरली असेल तर शंभर. दर्जा मोठा म्हणून हजाराची उधळण नको. त्याने पुढच्या पाहुण्याची पंचाईत होते आणि कर्मचाऱ्यांत कुरबुर लागते.

वेळ : सलग एकच मावशी येत असेल तर निघताना द्यावे. पाळी बदलत असेल तर रोजचे रोज. नाहीतर तीन दिवस राबली एक आणि नोट मिळाली चौथीला, असे होते.

चिठ्ठी : हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. चिठ्ठीशिवाय पलंगावर पडलेली नोट ही सफाई करणाऱ्यासाठी भेट नसते, ती धास्ती असते. पाहुणा विसरला का? उचलली तर चोरीचा आळ येईल का? प्रामाणिक मावशी ती नोट ऑफिसात जमा करते आणि विषय तिथेच संपतो. म्हणून पाकिटावर एवढेच लिहावे : ‘खोलीच्या सफाईसाठी मनापासून आभार. हे तुमच्यासाठी.’ तारीख आणि खोली क्रमांक टाकावा.

हातात देताना : दार उघडे ठेवून किंवा व्हरांड्यात, ‘मावशी’, ‘ताई’, ‘दादा’ असे म्हणून द्यावे. एकट्या खोलीत महिला कर्मचाऱ्याला थांबवून पैसे देऊ नयेत. आपला हेतू स्वच्छ असला, तरी तिची अडचण होऊ शकते.

यूपीआय : आजकाल खिशात रोख नसते, हे खरे. पण अनेक लष्करी आवारांत कर्मचाऱ्यांच्या मोबाइलवर बंधने असतात, आणि अनोळखी महिलेचा नंबर मागणे बरे दिसत नाही. दौऱ्यावर निघताना पन्नासच्या चार नोटा वेगळ्या ठेवाव्यात.

काय देऊ नये : कॅन्टीनची बाटली किंवा कॅन्टीनचा माल. तो हक्कदारासाठीच असतो. जुने कपडे न विचारता देऊ नयेत. उरलेले अन्न तर नाहीच.

आणि पैसे न देताही करता येण्यासारखे बरेच आहे. निघताना चादरी-टॉवेल एकत्र ठेवणे, कचरा डब्यात टाकणे, बाथरूममध्ये पाणी तुंबलेले असेल तर वेळीच कळवणे. अभिप्रायाच्या वहीत कर्मचाऱ्याचे नाव घालून दोन ओळी लिहिणे. कंत्राट बदलताना कोणाला ठेवायचे हा प्रश्न येतो, तेव्हा त्या दोन ओळी शंभराच्या नोटेपेक्षा जास्त कामी येऊ शकतात.

चाकणच्या गेस्ट हाउसचे काय?

वाकड, रहाटणी, मोशी, चाकण या पट्ट्यात कंपन्यांनी घेतलेली सर्व्हिस अपार्टमेंट आणि गेस्ट हाउस आहेत. तिथेही सफाई बहुतेक कंत्राटावर असते. सरकारी वर्तणूक नियमांची अडचण तिथे नाही, त्यामुळे टीप द्यायला हरकत नाही. फक्त कंपनीचे धोरण पाहावे. वेतनाची तक्रार असेल, तर ती राज्याच्या कामगार विभागाकडे जाते. संरक्षण आस्थापनेच्या कंत्राटात मात्र केंद्रीय मुख्य कामगार आयुक्तांच्या यंत्रणेकडे जावे लागते. एकाच काळेवाडीतल्या, एकाच चाळीत राहणाऱ्या दोघी जणी एकच काम करतात. पण एकीला एक दर, दुसरीला दुसरा, आणि तक्रारीचे दारही वेगळे. हे दोघींना सांगणारे कोणी नसते.

मग व्हायला काय हवे?

तीन गोष्टी, आणि तिन्हींना नवा कायदा लागत नाही.

एक, प्रत्येक मेस आणि विश्रामगृहाने खोलीतल्या माहितीपत्रकात एक ओळ छापावी : बक्षीस चालते की नाही, आणि चालत असेल तर ते कसे द्यावे. पेटी असेल तर महिन्याचा जमा आकडा कर्मचाऱ्यांसमोर उघडावा.

दोन, सफाईच्या कंत्राटातला मंजूर रोजचा दर, पीएफ आणि ईएसआयची माहिती कर्मचाऱ्यांच्या खोलीत मराठी आणि हिंदीत लावावी. मेसच्या समितीने वर्षातून चार वेळा वेतनाच्या बँक नोंदी पाहाव्यात. मूळ आस्थापना म्हणून ही जबाबदारी तिची आहेच. फक्त ती कागदावरून व्हरांड्यात यायला हवी.

तीन, दौऱ्याच्या भत्त्यात किरकोळ खर्चाची एक छोटी, पावतीविना ओळ घालावी. दिवसाला ५० रुपये पुरेत. त्यामुळे हवालदारालाही ती सभ्यता परवडेल. आजच्या घडीला ती फक्त मोठ्या पगाराच्या माणसालाच सहज जमते.

तोवर पाहुण्याने काय करावे? चिठ्ठीसह टीप ठेवावी, जिथे मनाई आहे तिथे वहीत नाव लिहावे. आणि एक प्रश्न मेसच्या पुढच्या बैठकीत विचारावा : ‘आपल्या सफाईच्या मावशींना ठरलेले किमान वेतन पूर्ण मिळते का?’ शंभराची नोट एका सकाळपुरती असते. या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ आले, तर पहाटेची लोकल पकडणारीच्या घरी ते दर महिन्याला पोहोचते.